जनावर दिसलं नाही तर

बोरखळी, ता. श्रीगोंदा
रविवार, ७ जुलै २०२४

चिरंजीव जोशुआ यास पीटरकाकाचा सलाम.

पत्र बघून घाबरू नकोस, घरचे सगळे धडधाकट आहेत. गेले आहेत ते फक्त माझे कान. तू फोनवर तिकडून काय विचारतोस ते मला कळत नाही आणि मी आपला अंदाजानं 'जेवलो, जेवलो' म्हणतो. हे किती दिवस चालायचं? शेवटी माझ्या लेकीनं, प्रार्थनानं तोड काढली. ती नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यातून दर शनिवारी घरी येते. मी आठवडाभर जमेल तसं लिहायचं, रविवारी उपासनेनंतर तिनं फोटो काढून तुझ्या मोबाईलवर धाडायचा. तू लिहिशील ते ती नगरहून मोठ्या अक्षरात छापून आणणार. पनामा किती लांब आहे ते तुला माहीत. आपल्यात आता एक आठवड्याचं अंतर आहे, असं धरून लिही.

काम असं की, गावात निसर्ग पर्यटन समिती निघाली आहे. काष्टीला पाइपांचं दुकान असलेला गोरक्ष तिचा अध्यक्ष. अभयारण्यात काळवीट बघायला पुण्याच्या गाड्या येतात, मग आपल्या गायरानाच्या माळावर शंभर-सव्वाशे हरणं असताना त्या इथं का येऊ नयेत, असं त्याचं म्हणणं. म्हणणं वाईट नाही. गावातल्या चार जणांना काम मिळेल, आणि लोक माळाला पडीक म्हणतात ते तरी बंद होईल. गोरक्ष मला म्हणाला, "काका, तुमचा पुतन्या तिकडं जंगलात गाईड हाय ना? त्याला इचारा, तिकडं कसं करत्यात." मी तीस वर्षं अभयारण्यात वनमजूर होतो, पण मला विचारावं असं काही त्याला सुचलं नाही. असो.

तेव्हा सवडीनं लिही. तुला आपला माळ आठवतो का? तुला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचो. मधल्या खळगीत, जिथं गवत कमरेएवढं होतं, तुला पहिलं पाडस दाखवलं. ते मान जमिनीला लावून निपचित पडलेलं. तू मेलं म्हणून भोकाड पसरलंस. मी म्हणालो, हात लावू नको, त्याची आई लांबून बघते आहे. मग आपण पाय न वाजवता मागं आलो.

तुझी आई बरी आहे. तुझा टोपीतला फोटो तिनं मोठा करून येशूच्या तसबिरीशेजारी लावला आहे. थोडा खाली लावा वहिनी, असं मी सुचवून बघितलं.

तुझा,
पीटरकाका


पनामा सिटी
१२ जुलै २०२४

प्रिय काका, सलाम.

तुमचं अक्षर बघून इतका आनंद झाला की मारिसोलला उठवून दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण म्हणाली, गवतासारखं दिसतंय. बायको परदेशी असली तरी नजर चांगली आहे.

इथलं सांगतो. शहर म्हणजे समुद्राकाठी उभ्या केलेल्या काचेच्या इमारती. गाडीनं निघालं की अर्ध्या तासात शेवटची इमारत संपते आणि जंगल सुरू होतं, इतकं दाट की दुपारी दोनलाही आत अंधार असतो. माणसं हॉटेलात नाश्ता करतात, आमच्या व्हॅनमध्ये बसतात आणि नऊ वाजता जंगलात असतात. जेवायला पुन्हा शहरात. सकाळी इथली माकडं असं ओरडतात की नवीन माणसाला वाघ वाटतो. आमचा राखीव पट्टा खासगी आहे. एका वेळी दहाच माणसं आत सोडतात, पायवाट सोडायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

सगळ्यांना बघायचा असतो तो पेरेसोसो. म्हणजे आळशी. झाडाला उलटा लटकून राहतो, आठवड्यातून एकदा खाली उतरतो. तो हिरव्या पानांत असा मिसळतो की कित्येकदा सापडत नाही. मग लोकांची तोंडं उतरतात. अशा वेळी त्यांना खोडावरचे नखांचे ओरखडे दाखवायचे. किती जुने, किती मोठ्या जनावराचे, ते रंगवून सांगायचं. लोक ओरखड्यांचे फोटो काढतात आणि खुशीत घरी जातात. जनावर दिसलंच पाहिजे असं काही नसतं, काका.

गोरक्षदादांना सांगा, तीन गोष्टी पाहिजेत. पहिली सावली. पर्यटक उन्हात उभा राहत नाही, म्हणून झाडं लावा, भरपूर आणि लवकर. दुसरी पाणी. एक तळं खणा, जनावरं आपोआप येतात. तिसरा मनोरा. जनावरं जिथं जमतात तिथंच उंच मनोरा बांधा, म्हणजे लोकांना चालावं लागत नाही. आम्ही इथं असंच केलं आहे आणि लोक जगभरातून येतात.

काही अडलं तर विचारा. मी आहे.

तुमचा,
जोशुआ


बोरखळी
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

चिरंजीव जोशुआ, सलाम.

तुझं पत्र मी एकदा वाचलं. गावानं चारदा वाचलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत गोरक्षनं ते माईकवर वाचून दाखवलं. झाडं, तळं, मनोरा, तिन्हीचा ठराव जागच्या जागी मंजूर. मनोरा होणार खळगीत. कारण तू लिहिलंस ना, जनावरं जमतात तिथंच बांधा. हरणं खळगीत जमतात हे त्यांना कुणी सांगितलं, ते विचारू नकोस. मीच सांगत आलोय, तीस वर्षं, ज्याला त्याला, चहाच्या टपरीवर.

त्याआधीच्या रविवारी आणखी एक झालं. रोझीवहिनी उपासनेत साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, नवरा गेला तेव्हा पोरगा दहावीत होता, तो जहाजावरची नोकरी सोडून पळाला असं लोक बोलले तेव्हा मी उशीत तोंड घालून रडले, आणि आज देवानं त्याला परक्या मुलखात जंगलाचा साहेब केला आहे. प्रार्थनानं मला नंतर पाटीवर लिहून सांगितलं. पाळकसाहेबांनी उपकारस्तुती केली. 'आमेन' मला ऐकू आलं नाही, पण सगळ्यांचे ओठ एकदम हलले ते दिसलं. तुझा बाप, मार्कदादा असता तर त्यानं तेव्हाच मंडळीभर पेढे वाटले असते. तुझ्या आईला इतकी ताठ उभी मी त्याच्या माघारी पहिल्यांदा पाहिली.

आता माझं ऐक. तुमच्या जंगलाचं मला कळत नाही, पण माळाला झाड चालत नाही. हरणाची सगळी मदार डोळ्यांवर. चौफेर मोकळं दिसलं की ते निर्धास्त चरतं. झाडं झाली की त्यांच्या आड कुत्री दबा धरतात, आणि आपल्याकडं मोकाट कुत्र्यांना काही तोटा नाही. आणि खळगी म्हणजे त्यांचं बाळंतघर. पाऊस ओसरला की माद्या तिथंच वितात. पाडस गवतात दडवून चरायला जातात, पाजायला परत येतात. तिथं मनोरा झाला तर त्या कुठं जातील?

हे मी गोरक्षला सांगितलं. तो म्हणाला, "काका, सायेबांनी लिहिलंय त्याच्याम्होरं आपून काय बोलायचं?" तो साहेब म्हणजे तू. तेव्हा तूच दोन ओळी लिही. साहेबासारख्या, कडक. खळगी सोडा, झाडं लावू नका. तुझ्या कचेरीचा शिक्का मारलास तर उत्तमच.

पीटरकाका


पनामा सिटी
२३ ऑगस्ट २०२४

प्रिय काका, सलाम.

आईच्या साक्षीचं वाचलं. तिनं असं सगळ्यांसमोर उभं राहायला नको होतं.

खळगीचं तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण ठराव झाला आहे, लोक उत्साहात आहेत, मी इतक्या लांबून त्यात पडणं बरं दिसेल का? शिवाय जनावरं सवय करून घेतात. इथली माकडं तर आमच्या छपरावर येऊन बसतात. कचेरीचा शिक्का असा मागता येत नाही, त्याचे नियम आहेत. सध्या कामही फार आहे.

तब्येतीला जपा. प्रार्थनाला सांगा, कानाचं यंत्र बघू.

जोशुआ


बोरखळी
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

जोशुआ,

कानाचं यंत्र नको. मी मागितलं काय आणि तू देतोस काय?

माळावर झाडांसाठी खड्डे खणणं सुरू झालं आहे. हात-हात खोल, ओळीनं, दोरी लावून. दोन आठवड्यांत खळगीच्या कडेला पोचतील. काल मी मोजल्या, अकरा माद्या पोटुशी आहेत. त्या खळगीभोवती फिरतात, माणसं दिसली की मागं सरतात, संध्याकाळी परत येतात. त्यांना दुसरी जागा नाही रे. पलीकडं ऊस आहे, अलीकडं गाव.

मी रोज तिथं जाऊन उभा राहतो. खणणाऱ्या बायका माझ्याकडं बघून पदराआड हसतात. त्यांचा राग नाही, त्यांना हजेरीचे पैसे मिळतात. गोरक्षचाही राग नाही मला, तो गावाचं भलंच बघतो. राग तुझा आहे. तुझे शब्द घेऊन सगळा गाव मला गप्प करतो आणि तू म्हणतोस, बरं दिसेल का.

एकच विचारतो, खरं उत्तर दे. तुमच्याकडं माद्या जिथं वितात तिथं तुम्ही मनोरे बांधता का? तू रोज जंगलात असतोस, तुला ठाऊक असणार. नसेल ठाऊक तर तू तिथं नक्की काय काम करतोस?

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. त्याआधी साहेबाचं पत्र पाहिजे.

पीटर


पनामा सिटी
२० सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

सलाम. हे पत्र मी चार वेळा लिहून खोडलं. आता सरळ लिहितो.

मी गाईड नाही. मी व्हॅन चालवतो. सकाळी हॉटेलांतून माणसं उचलतो, जंगलाच्या फाटकाशी सोडतो आणि ती परत येईपर्यंत पत्र्याच्या छपराखाली त्यांचे रबरी बूट धुतो. चिखल फार असतो. कुणा म्हाताऱ्याला दुर्बीण झेपत नसेल तर ती उचलून आत जातो, तेवढंच माझं जंगल. गाईड आहे तो रोलांदो. फोटोतली टोपी त्याची, दुर्बीणही त्याची. ओरखडेही तोच दाखवतो.

खोटं बोलायचं असं ठरवून बोललो नाही. जहाज सोडल्यावर पहिल्या वर्षी आई फोनवर रडायची, लोक काय काय बोलतात ते सांगायची. एकदा गंमत म्हणून टोपीतला फोटो पाठवला. तीच म्हणाली, 'तू जंगलाचा साहेब झालास का रे?' ती इतक्या दिवसांनी हसत होती. मी हो म्हणालो. त्यानंतर 'नाही' म्हणायला रोज थोडा उशीर होत गेला, त्याला आता सहा वर्षं झाली.

त्या तीन गोष्टी मी फाटकावरच्या फलकावरून उतरवल्या. हा फलक जंगलासाठी आहे आणि आपला माळ आहे, हे मला त्या दिवशी सुचलंही नाही. मला कुणीतरी काही विचारलं, याचाच आनंद झाला होता.

काल रोलांदोला सगळं सांगितलं, माळाचा फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून बघितला. म्हणाला, 'हे गवत हेच यांचं रान आहे, मग झाडं कशाला?' माद्या वितात तिथं मनोरा म्हटल्यावर तो माझ्यावर ओरडलाच. इथं घरटी असतात त्या महिन्यांत तेवढी वाट दोरी लावून बंद करतात. मी ती दोरी रोज बघत होतो, काका. ती का बांधतात ते कधी विचारलं नव्हतं.

तर हे पत्र ग्रामसभेत वाचा, पहिल्या अक्षरापासून. सांगा की सल्ला देणारा ड्रायव्हर होता, त्याला माळातलं काही कळत नाही, कळतं ते पीटर साळव्यांना. आईला लागेल. पण खोटं माझं आहे, ते मी निस्तरीन. मी स्वतः आलो असतो, पण इथं राहण्याची माझी कागदपत्रं अजून सरकारात अडकली आहेत. बाहेर पडलो तर परत घेणार नाहीत.

ते पाडस मला आठवतं. मी विसरलो नव्हतो.

तुमचा,
जोशुआ


बोरखळी
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

जोशुआदादा,

मी प्रार्थना. पप्पा लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. तुझं पत्र मीच छापून आणलं, म्हणजे मी ते वाचलं आहे. त्यावर आत्ता काही बोलत नाही.

बुधवारी ग्रामसभेला सुट्टी होती म्हणून मीही गेले होते. पप्पांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं होतं. गोरक्षदादानं रोझीकाकूंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, साहेबांची आई म्हणून. पप्पा उठले, खिशात हात घातला. तेवढ्यात काकूंनी मागं वळून बघितलं आणि शेजारची खुर्ची थोपटली. "भावजी, हितं बसा की, उभं कशाला?" पप्पांचा हात खिशातच राहिला. मग ते पत्राविनाच बोलले, खळगी सोडा, मी तुम्हाला हात जोडतो. वैजनाथमामा उठून म्हणाले, "पीटर, तुजा पुतन्या सायेब हाय आन् तू वनमजूर. आमी कुनाचं ऐकायचं?" लोक हसले. पप्पांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी खळगीत खड्डे सुरू झाले. रतनबाईच्या खुरप्यापाशी एक पाडस निघालं. दोन दिवसांचं असेल. ते हललं नाही, म्हणून तिला वाटलं आईनं टाकलं. तिनं बिचारीनं ते पदरात गुंडाळून गावात आणलं, येताना रडत होती म्हणे. आता ते समितीच्या कचेरीशेजारी जाळीत आहे. गळ्यात झेंडूची माळ घातली आहे. लोक बिस्किटं चारतात, म्हशीचं दूध पाजतात, फोटो काढतात.

पप्पा तीन दिवस सांगत आहेत, होतं तिथं नेऊन ठेवा, आई घेईल. लोक म्हणतात, माणसाचा हात लागला की हरणी जवळ घेत नाही. पप्पा म्हणतात, तसं काही नसतं. पण त्यांचं कोण ऐकतं? मला हे सगळं काल कळलं. आज पहाटे मी त्यांच्याबरोबर माळावर गेले. हरणी खड्ड्यांच्या कडेला उभी होती. ती वाकून एकेका खड्ड्यात बघत होती.

तू काही करू शकत असलास तर आजच कर. रविवारची वाट बघू नको.

प्रार्थना


पनामा सिटी
६ ऑक्टोबर २०२४

प्रार्थना,

तुझा निरोप मिळाला तेव्हा इथं सकाळ होती. व्हॅन बाजूला लावून गोरक्षदादांना फोन केला. हे लिहिलेलं काकांना दाखव, त्यांना कळायला हवं.

मी सगळं सांगितलं. म्हणालो, मी साहेब नाही, मी ड्रायव्हर आहे, बूट धुतो, माझा सल्ला चुकीचा होता. एकही शब्द गाळला नाही. ते 'हां, हां' म्हणत गेले. मला वाटलं, झालं, पटलं. मग म्हणाले, "सायेब, आवो किती साधं बोलताय! मोठी मानसं सोताला ल्हानच म्हनत्यात. जरा थांबा, स्पीकर लावतो, ह्या लोकास्नी बी ऐकू द्या." मी पुन्हा तेच सांगितलं. मागून टाळ्या ऐकू आल्या.

पाडसाचं विचारलं तर म्हणाले, "लई लाडात हाय, काळजी करू नगा. उद्घाटन झालं की सोडू." मी ओरडलो, 'आजच सोडा.' तर म्हणाले, "व्हय व्हय सायेब," आणि ठेवला. त्यानंतर सहा वेळा लावला. उचलत नाहीत.

रोलांदो म्हणतो, काकांचं बरोबर आहे. माणसाच्या वासानं आई पिल्लू टाकत नाही. ती जागेवर परत येते आहे तोवर ते तिथंच गवतात ठेवायचं आणि निघून यायचं. तू जाऊन उचलू शकतेस का? जाळीला कुलूप आहे का? मी इथं बसून हे विचारतोय याची मला लाज वाटते.

जोशुआ


बोरखळी
रविवार, १ डिसेंबर २०२४

चिरंजीव जोशुआ यास सलाम.

दोन महिने लिहिलं नाही. प्रार्थनानं तुला थोडंफार कळवलं असेल. जाळीला कुलूप होतं. तिनं गोरक्षच्या घरी जाऊन भांडण केलं, किल्ली मिळाली नाही. सोमवारी तिला कामावर जावं लागलं. मंगळवारी सकाळी पाडस हगवण लागून गेलं. गोरक्ष खरोखर रडला. पाडसाला गळ्यातल्या माळेसकट पुरलं. हरणी शुक्रवारपर्यंत येत होती.

बाकीच्या माद्या आता कालव्यापलीकडं, उसाच्या कडेला गेल्यात. तिकडं कुत्री आहेत. तिथल्या भीमाच्या वस्तीवर सकाळी कधी कधी काय सापडतं ते तुला लिहीत नाही.

तुझं पत्र मी सभेत वाचलं नाही याचा तुला राग असेल. असू दे. त्या दिवशी मी उठलो तो वाचायलाच. पण वहिनींनी खुर्ची थोपटली. जोशुआ, ती बाई देवळात उभी राहून बोलली होती, देवासमोर, मंडळीसमोर. ते पत्र वाचलं असतं तर तिची साक्ष खोटी ठरली असती. पुन्हा तिनं कुठल्या तोंडानं मंडळीत पाऊल टाकलं असतं? एकीकडं ती होती आणि दुसरीकडं खळगी, ती समोर दिसत होती आणि खळगी तिथून दिसत नव्हती. मी साहेबाचं पत्र मागितलं होतं, तू खरं पाठवलंस. खरं वाचायचं धैर्य मला झालं नाही. आता रोज वाटतं, वाचायला पाहिजे होतं. वाचूनही काही झालं नसतं असं प्रार्थना म्हणते. तुझ्या फोनचं काय झालं ते सांगून माझी समजूत घालते. पत्र माझ्या पवित्र शास्त्रात आहे. मी गेल्यावर प्रार्थना ते जाळील.

उद्घाटन झालं. फीत तुझ्या आईनं कापली. मनोऱ्यावर दगड बसवला आहे, त्यावर 'मार्गदर्शक : मा. जोशुआ मार्क साळवे, पनामा' असं कोरलं आहे. ती रोज संध्याकाळी जाऊन त्या अक्षरांवरची धूळ पुसते. तिला काही कळू देऊ नकोस, आता तर नकोच.

माळाला कुंपण झालं, आत जायला तिकीट आहे. म्हणून मी गाईड झालो. हो, मी. गोरक्षनं विचारलं आणि मी लगेच हो म्हणालो, कारण त्याशिवाय मला आत रोज कोण सोडणार? त्यानं टोपी दिली आहे. डोक्याला सैल होते.

रविवारी सात-आठ गाड्या येतात. मी लोकांना मनोऱ्यावर नेतो. खाली वाळलेली रोपं आणि खड्डे. ते काय विचारतात ते मला ऐकू येत नाही, पण पहिला प्रश्न एकच असतो, ओठांवरून कळतो. पहिल्या रविवारी मी खरं सांगितलं. हरणं होती, आम्हीच घालवली. लोक चिडले, तिकिटाचे पैसे परत मागू लागले, गोरक्षचा चेहरा एवढासा झाला. तेव्हापासून मी त्यांना नव्या तळ्याच्या काठी नेतो. तिथं ऑक्टोबरातल्या चिखलात खुरांचे ठसे उमटून वाळलेत. हा नराचा, ही मादी, ही वजनदार होती म्हणजे पोटुशी असणार, असं रंगवून सांगतो. लोक ठशांचे फोटो काढतात आणि खुशीत घरी जातात. पुण्याच्या एका बाईनं तर जाताना माझ्या पायाला हात लावला. तू सांगितलेलं सगळं खरं निघालं, बघ.

पण परवापासून वारं सुटलं आहे आणि चिखलाचे पोपडे निघताहेत. गेल्या रविवारपर्यंत नऊ ठसे होते, आज सहा आहेत. तुझ्या त्या रोलांदोला विचारून कळव, ओरखडेही पुसून गेले तर तो लोकांना काय दाखवतो?

पीटरकाका